बिशपकाका आणि यॉर्कशायर पुडिंग

आमच्या मंडळात कुठलंही भांडण लागलं की बिशपकाका ते मिटवत नसत. ते त्या भांडणाला सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वीचा एक पूर्वज शोधून देत. दोन्ही बाजू तावातावाने बोलत असताना ते उजव्या हाताचं बोट वर करत, चष्मा कपाळावर सरकवत आणि म्हणत, "हे होऊन गेलेलं आहे." मग इजिप्तमधला कुणी पाद्री, कार्थेजचा कुणी बिशप, रोमचा कुणी सम्राट अशी मंडळी त्या कम्युनिटी हॉलमध्ये अवतरत आणि समोसे थंड होईपर्यंत हलत नसत. काकांचा आवाज मऊ आणि एकसुरी होता. माणसं झोपवण्याचा त्यांना तीस वर्षांचा अनुभव होता.

ते अर्थातच बिशप नव्हते. ख्रिश्चनही नव्हते. सांगलीकडचे डॉक्टर, साठच्या दशकाच्या अखेरीस कॉव्हेंट्रीला आले आणि एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर हा माणूस दिवसभर पायात पायात येतो म्हणून काकूंनी त्यांना प्रौढांच्या संध्याकाळच्या वर्गाला घालायचं ठरवलं. गुलाबांच्या छाटणीचा वर्ग भरलेला होता. जागा शिल्लक होती ती फक्त 'ख्रिस्ती धर्माची पहिली चारशे वर्षं' या विषयाला. एक म्हातारे निवृत्त व्हिकर, म्हणजे चर्चचे पाद्री, तो शिकवत आणि वर्गात एकूण पाच माणसं होती, त्यातली दोन हीटिंगसाठी येत. काका पहिल्या संध्याकाळी कुरकुरत गेले आणि परत आले ते डोळ्यांत वेगळीच चमक घेऊन. काकू मला म्हणाल्या होत्या, "मी यांना गुलाब शिकायला पाठवत होते गं. घरात हुतात्मे आले."

मी दोन हजार एक साली नवऱ्यामागोमाग कॉव्हेंट्रीला आले. नोकरी मिल्टन कीन्सला, आयटीत. रोज तिथल्या राउंडअबाउटांना प्रदक्षिणा घालून घरी यायचं आणि शनिवारी मंडळात जायचं. मराठी टाइप करता येतं या एकाच पापाबद्दल मला चिटणीस केलं गेलं, त्यामुळे सभांची मिनिट्स लिहिणं माझ्याकडे आलं. काका मला नावाने कधी हाक मारत नसत. "चिटणीसबाई, हे नोंदवा," म्हणत. मी नोंदवत नसे. नोंदवलं असतं तर आमच्या मंडळाच्या दप्तरात गणपतीपेक्षा रोमन सम्राट जास्त झाले असते.

गुढीपाडव्याचं भांडण दरवर्षीचंच. तिथीला करायचा की जवळच्या शनिवारी? तिथीवाले म्हणत, सण म्हणजे काय डेंटिस्टची अपॉइंटमेंट आहे का पुढे ढकलायला? शनिवारवाले म्हणत, मंगळवारी येणार कोण, तुमचा बॉस की माझा? काकांचं बोट वर गेलं. ईस्टरवरून हेच झालेलं आहे, ते म्हणाले. आशियातली गावं चंद्राची तिथी धरून बसली, रोम म्हणालं रविवारच. एका पोपने तर तिथीवाल्या गावांना सरळ वाळीत टाकायला काढलं.

"शेवटी कोण जिंकलं?" आमचे अध्यक्ष काळे यांनी जांभई देत विचारलं.

"रविवार. तिथी कधीच जिंकत नाही. तिला हॉल मिळत नाही."

काळे खूश झाले, कारण ते शनिवारवाले. पण काकांचं पुढे होतंच. ज्या सम्राटाने निकियाला सगळ्या बिशपांना सरकारी घोडागाड्या पाठवून सभेला बोलावलं, त्याचा स्वतःचा तेव्हा बाप्तिस्माही झालेला नव्हता, असं सांगून त्यांनी काळ्यांकडे प्रेमाने पाहिलं. काळ्यांना गणपतीची आरती दुसऱ्या कडव्यापासून कागद बघून म्हणावी लागे. त्या सभेत पुढे काही ठरलं नाही.

हुतात्म्यांबद्दल काकांचं एक खास मत होतं. खरे हुतात्मे थोडे आणि हौशी फार, असं ते म्हणत. छळाच्या काळात काही लोक स्वतःहून कोर्टात जाऊन 'मला पकडा, मला पकडा' म्हणायला लागले, तेव्हा चर्चलाच सांगावं लागलं की बाबांनो, स्वतःहून गेलात तर धरणार नाही. हे त्यांनी नेमकं सुमनताईंना सांगितलं. सुमनताई दर होळीला कुणी न सांगता दीडशे पुरणपोळ्या करायच्या आणि पुढची होळी येईपर्यंत आपली कंबर कशी गेली ते सांगत राहायच्या. त्यानंतर सात वर्षं काकांच्या पानात पुरणपोळी पडली नाही. काका म्हणाले, "मला वाळीत टाकलंय. पोळी सोडली तर बरं वाटतंय."

ते बाटले अशी मध्ये एक कुजबुज उठली होती. ते म्हातारे व्हिकर त्यांच्याकडे चहाला येताना कुणीतरी पाहिलं होतं. काळे आणि आणखी दोघं जण विचारायला घरी गेले. मिनिट्ससाठी मलाही नेलं. काकूंनी सगळ्यांना पोहे दिले. काकांनी प्रश्न नीट ऐकून घेतला आणि म्हणाले, "मी सत्यनारायणालाही झोपतो आणि चर्चमध्येही झोपतो. माझ्या धर्मात काही बदल झालेला नाही." काकू आतून म्हणाल्या, "झोपेत घोरतात ते मात्र मराठीत." शिष्टमंडळ पोहे खाऊन परत आलं.

काकू दोन हजार तीनच्या ऑक्टोबरमध्ये गेल्या. दुखणं सहा आठवड्यांचं. त्यांचे अंत्यविधी आमच्या गुरुजींनी केले, कारण अख्ख्या मिडलंड्समध्ये मराठी विधी करणारं तेव्हा दुसरं कुणी नव्हतंच. गुरुजी म्हणजे व्यवसायाने सॉफ्टवेअर टेस्टर. वडील वाईला भिक्षुकी करायचे, त्यांच्याकडून लहानपणी सगळं पाठ झालेलं. सोमवार ते शुक्रवार ते ब्रॅकनेलला भाड्याच्या खोलीत राहून ऑफिसात जात आणि शनिवार-रविवार गाडीच्या डिकीत चौरंग, कलश आणि सुपाऱ्यांचा डबा घालून या गावाहून त्या गावाला मुंजी, लग्नं, वास्तुशांती करत फिरत. क्रेमेटोरियममध्ये अर्ध्या तासाचा स्लॉट असतो. गुरुजींनी वीस मिनिटांत मंत्र संपवले, मग काकांनी शवपेटी आत सोडणारं बटण दाबलं. ते दाबताना त्यांचा हात अजिबात थरथरला नाही, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. नंतर ते मंडळात आधीपेक्षा जास्त यायला लागले. घरी हुतात्म्यांचं ऐकायला कुणी उरलं नव्हतं.

आता पुडिंगबद्दल. दोन हजार पाचच्या डिसेंबरमध्ये सुमनताईंच्या जावयाने ब्रॅकनेलच्या एका पबमध्ये गुरुजींना ऑफिसच्या ख्रिसमस लंचला बसलेलं पाहिलं. ताटात ग्रेव्ही होती, भाजलेले बटाटे होते आणि मधोमध एक भलंमोठं यॉर्कशायर पुडिंग होतं, म्हणजे गोड काही नव्हे, मैदा-अंड्याची भट्टीत फुगवलेली खारी वाटी. मांस नेमकं कशाचं होतं हे जावयाला दिसलं नाही. पण यॉर्कशायर पुडिंग, सुमनताई म्हणाल्या, बीफबरोबरच देतात. हे त्यांना तीस वर्षं इंग्लंडात काढल्यामुळे माहीत होतं. जानेवारीच्या पहिल्या शनिवारी खास सभा बोलावली गेली. पाडव्याला न येणारी माणसंसुद्धा आली. हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या.

पहिला पाऊण तास पुडिंगवर गेला. नेहा नावाची आमची तरुणांची प्रतिनिधी इथेच जन्मलेली, सॉलिसिटर व्हायचं शिक्षण घेत होती. ती उठून म्हणाली, "काळेकाका, लेट्स बी फेअर. यॉर्कशायर पुडिंग आता चिकनबरोबर पण येतो. टर्कीबरोबर पण येतो. इट्स नॉट एव्हिडन्स." यावर दोन गट पडले. एक गट म्हणे पुडिंग हा पुरावा आहे, दुसरा म्हणे पुडिंग हा फक्त संशय आहे. मी मिनिट्समध्ये काय लिहावं ते मला कळेना.

शेवटी गुरुजीच उठले. बारीक चणीचा माणूस, आवाज नेहमीसारखा स्वच्छ. "पुडिंग सोडा," ते म्हणाले. "बीफ होतं. पहिल्या वर्षी मी नवीन होतो. मॅनेजरने स्वतः प्लेट आणून समोर ठेवली. टेबलावरचे बाराही जण बघत होते. नाही म्हणायचं धैर्य झालं नाही. दुसऱ्या वर्षी नाही म्हणायला तोंड उरलं नाही. आता अकरा वर्षं झाली." आणि खाली बसले.

मग एकदम सगळे बोलायला लागले. या हातांनी आमच्या वास्तूची शांत झाली! या तोंडातून माझ्या मुलाला गायत्री मंत्र मिळाला! एका गृहस्थांनी विचारलं, "म्हणजे आमचं लग्न लागलंच नाही की काय?" आणि त्यांच्या आवाजात इतकी आशा होती की त्यांच्या बायकोने वळून पाहिलं.

काकांचं बोट वर गेलं. खरं सांगते, त्यांचा चेहरा उजळला होता. "हे होऊन गेलेलं आहे!" ते जवळजवळ ओरडलेच. "हुबेहूब!" उत्तर आफ्रिकेत सम्राटाचे शिपाई आले तेव्हा काही बिशपांनी भीतीपोटी पवित्र पोथ्या त्यांच्या हवाली केल्या. संकट गेल्यावर शुद्ध लोक म्हणाले, या भेकडांच्या हातून झालेला कुठलाही संस्कार खरा नाही, सगळं पहिल्यापासून करा. मग एकेका गावात दोन दोन चर्चं, दोन दोन बिशप, एकमेकांच्या हातचं पाणी बंद, आणि हे पुढे कितीतरी पिढ्या. "शेवटी काय ठरलं? संस्कार देणारा कसाही असो, संस्कार खरा. अहो, मी बायकोशी कडाक्याचं भांडून ऑपरेशन थिएटरमध्ये गेलोय. सर्जनबद्दल मनात नाही नाही ते विचार आणत भूल दिलीय. पेशंट झोपला! औषध काम करतं. डॉक्टरचं चारित्र्य शिरेतून जात नाही."

मी पाच वर्षांत ऐकलेलं ते त्यांचं सर्वांत चांगलं भाषण. कुणीही झोपलं नाही. आणि कुणाचंही मत बदललं नाही. काळ्यांनी ठराव मांडला: पुण्याहून एक शुद्ध गुरुजी बोलवायचे आणि झालेले सगळे विधी एका दिवसात पुन्हा करून घ्यायचे. पूर्वी समुद्र ओलांडला की ब्राह्मणाला प्रायश्चित्त घ्यावं लागे, मग विमानातून येणाऱ्या या गुरुजींना कोण शुद्ध करणार, असं काकांनी विचारलं. काळ्यांनी ठराव मताला टाकला. हात वर झाले. विरोधात फक्त काका, नेहा आणि मी.

मग यादी करायला घेतली. मी टाइप करत होते: अमक्यांची वास्तुशांत, तमक्यांची मुंज. मध्येच सुमनताई म्हणाल्या, आणि दुष्टपणाने नाही, खरंच काळजीने म्हणाल्या, "आणि काकूंचं? त्यांचंही यांनीच केलं होतं ना?"

काका उभेच होते. चौथ्या शतकातलं काहीही त्यांच्या मदतीला आलं नाही. त्यांनी कोट घेतला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या घरी आले. काकूंचं नाव यादीतून काढा, असं सांगायला आले असतील अशी माझी खात्री होती. मी आधीच ठरवून टाकलं होतं की काढायचं. काळ्यांना काय उत्तर द्यायचं तेही ठरवलं होतं. काका सोफ्याच्या कडेवर बसले, चहा तसाच ठेवला आणि म्हणाले, "चिटणीसबाई, हिचं नाव घाला."

"काका! काल तर तुम्हीच म्हणालात, औषध काम करतं."

"म्हणालो. पण पेशंट समोर असतो गं. पापणीला बोट लावून बघता येतं, झोपला की नाही. इथे मी काय बघू?" त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "माझा यातल्या कशावर विश्वास आहे की नाही, मलाच माहीत नाही. पण तिचा होता. चुकून काही राहिलं असेल तर?"

मी नाव घातलं. दिवसभर मला कुणाचा तरी राग येत होता आणि तो नेमका कुणाचा ते ठरवता येत नव्हतं.

शुद्ध गुरुजी एप्रिलमध्ये आले. हीथ्रोवर त्यांना घ्यायला कोण गेलं? आमचेच गुरुजी. बाकी सगळ्यांचा वर्किंग डे होता. शनिवारी हॉलमध्ये सकाळी आठपासून गर्दी. वास्तुशांती एका तुकडीत, सतरा जोडपी मांडीला मांडी लावून. मुंजी दुसऱ्या तुकडीत, त्यातल्या एका बटूला स्वतःचं बाळ होतं. शुद्ध गुरुजी सोवळ्यावर फुगीर जाकीट घालून बसले होते, कारण हॉलचं हीटिंग बंद पडलं होतं. मी दारात टोकन वाटत होते. काकांचं टोकन चौदा नंबरचं. ते मुठीत धरून काका सकाळपासून भिंतीकडेच्या खुर्चीवर बसले होते. त्या दिवशी त्यांनी कुठल्याही गोष्टीला पूर्वज शोधला नाही.

चौदा नंबर पुकारला. काका पुढे जाऊन बसले. शुद्ध गुरुजींनी नाव, गोत्र, तिथी विचारली आणि वहीत लिहिली.

"गुरुजी, एकदा विधी झालेला आहे," काका म्हणाले.

"माहीत आहे. पण तो झालाच नाही असं धरून आपण करायचं."

"झालाच नाही असं धरून?"

"हो. पहिल्यापासून."

काका जरा पुढे वाकले. मग अगदी हळू, पेशंटला विचारावं तसं, त्यांनी विचारलं, "मग ही अडीच वर्षं ती कुठे होती?"

शुद्ध गुरुजी चांगला माणूस होता, हे मला सांगितलं पाहिजे. त्यांनी काहीतरी ठोकून दिलं नाही. त्यांनी पेन वहीवर ठेवलं आणि ते म्हणाले, "तसं मला सांगता येणार नाही."

"मग राहू द्या," काका म्हणाले. "मी तिला अडीच वर्षं रस्त्यात उभी करणार नाही." ते गुडघ्यावर हात ठेवून उठले, टोकन माझ्या हातात दिलं आणि हॉलच्या मागच्या किचनमध्ये गेले. तिथे आमचे गुरुजी सगळ्यांच्या चहाचे कप विसळत होते. मी दारातून पाहिलं. काकांनी टॉवेल उचलला आणि कप पुसायला लागले. मंडळात त्यांनी कधी एक खुर्चीही हलवली नव्हती. त्यानंतर दर वर्षी काकूंचं श्राद्ध काकांच्या घरी आमच्या गुरुजींनीच केलं. जवळच्या शनिवारी, अर्थात.

काका दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत गेले, बर्फ पडून सगळं बंद होतं त्या आठवड्यात. काळ्यांचा मला फोन आला. पुण्याच्या गुरुजींना इंटरनेटवरून करायला सांगता येईल का, क्रेमेटोरियमला वाय-फाय आहे का, असं ते विचारत होते. त्यात वाईट हेतू नव्हता. आपल्या माणसाचं सगळं नीट व्हावं इतकंच त्यांना वाटत होतं. मी म्हटलं, मीनलला विचारते. मीनल काकांची एकुलती एक मुलगी, ब्रिस्टॉलला कौन्सिलमध्ये नोकरीला.

ती म्हणाली, "नो नो, ताई, बाबांनी हॉस्पिटलमध्येच सांगितलं होतं. आईचा विधी ज्या गुरुजींनी केला ना, तेच पाहिजेत. दुसरं कोणी नाही. शुद्धवाल्याने मला भलत्याच ठिकाणी नेऊन सोडलं, तर तुझी आई मला कुठे शोधत बसणार? असं म्हणाले." आणि ती फोनवर हसायला लागली, आणि मग ते हसणं राहिलं नाही.

मी गुरुजींना फोन केला. त्यांनी आधी मीनल कशी आहे ते विचारलं. मग म्हणाले, "मी केलेलं चालेल लोकांना?" मी त्यांना मीनलने सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं.

ते बर्फातून ब्रॅकनेलहून साडेचार तास गाडी चालवत आले. काळे सगळ्यांत पुढच्या ओळीत उभे होते, हातात कागद नाही, हात जोडलेले. सुमनताई रडत होत्या. गुरुजींनी कोट काढला, शाल घेतली आणि सुरुवात केली. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. पुढच्या स्लॉटची माणसं बाहेर येऊन थांबली होती आणि तिथला कर्मचारी दाराशी घड्याळ बघत उभा होता. गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. एकेक मंत्र सावकाश, स्पष्ट, पत्ता नीट सांगावा तसा ते म्हणत राहिले, आणि सगळं म्हणून झाल्यावरच त्यांनी मीनलला बटणाकडे जायला सांगितलं.